सणाच्या तयारीला लागण्याआधी

चर्चच्या सण समितीत नवीन आहेस, तर आधी फादरांकडून वर्षाची उपासना दिनदर्शिका मागून घे. सगळ्या संतांचे दिवस सारख्या मानाचे नसतात. महोत्सव, सण, स्मरणदिन अशी उतरंड असते. आपल्या चर्चच्या आश्रयदात्या संताचा दिवस त्या चर्चपुरता महोत्सव. पण उपवासकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला, रविवार त्याहून मोठा. संत योसेफांचा १९ मार्च अशा रविवारी आला, की सहसा सोमवारी सरकतो.

नोव्हेना, म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी संपणारी नऊ दिवसांची प्रार्थना, मोजताना तर हमखास घोळ होतो. संत अंतोनींचा सण १३ जूनला, म्हणजे सुरुवात ४ जूनला, ५ ला नव्हे.

संत हुतात्मा असेल तर फादरांची वस्त्रे लाल, इतर संतांसाठी पांढरी. सजावटीसाठी रात्र जागवायची आणि वाचकाच्या हातात बायबलचा उतारा ऐन मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही. तो आठवडाभर आधी दे.