लेकीसाठी कॅमेरा

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलंय. मोबाइल हातात द्यायचा नाही. स्वस्तात, घरच्या कॉम्प्युटरला जोडता येईल असा कॅमेरा सुचवाल का? – एक आई, मिरज

उत्तर : ताई, खेळण्यांच्या दुकानातला ‘४८ मेगापिक्सेल’वाला रंगीत डबा घेऊ नका. मी नातवासाठी घेतला होता. आकडा फुगवलेला, फोटो चिखलासारखे! त्यापेक्षा कॅनन पॉवरशॉट ए४९५ सारखा जुना, वापरलेला कॅमेरा शोधा. १० मेगापिक्सेल, ३.३ पट ऑप्टिकल झूम (म्हणजे भिंगानेच दृश्य जवळ आणणारा), आणि दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतो. सेल मात्र रिचार्जेबल घ्या, नाहीतर वाण्याचं बिल वाढेल. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी या झूममध्ये ठिपकाच दिसेल, पण अंगणातली साळुंकी छान येईल. डिजिटल झूम बंदच ठेवा, तो नुसता फोटो ताणतो.

घेण्याआधी दुकानातच फोटो साठवायचं एसडी कार्ड घालून दोन फोटो काढून बघा. लेन्स अडखळत बाहेर येत असेल तर सरळ परत द्या. हे कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं नको. कॉम्प्युटरसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, कार्ड घालून कॉम्प्युटरला जोडायचा साधा कार्ड रीडर पुरतो. मनगटाची दोरी मात्र पहिल्या दिवसापासून!