हवामान बदलावर वाद घालताना समोरच्याला 'विज्ञानविरोधी' किंवा 'विकासविरोधी' म्हणावं का?

तुमचे मामा घरच्या ग्रुपवर 'हवामान बदल हे थोतांड आहे' असं लिहितात, तुम्ही त्यांना 'विज्ञानविरोधी' म्हणालात, त्यांनी तुम्हाला 'विकासविरोधी' ठरवलं. आता तुमचा प्रश्न असा, की खोट्याला खोटं म्हणताना असे शब्द वापरले तर बिघडलं कुठं?

विधान खोटं असेल तर ते खोटं आहे असं स्पष्ट म्हणा, त्यात हयगय नको. पण माणसाला नाव ठेवलं की तो जे विचारत होता ते बाजूला पडतं. मी सांगलीत भूगोल शिकवते, आणि गेल्या काही वर्षांत इथं हे फार जवळून पाहिलंय.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. 2005 चा पूर लोक शेवटचा मोठा पूर म्हणून सांगायचे, तोही मागे पडला. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली. पाणी ओसरल्यावर जिल्ह्यात दोन तट पडले. एक तट म्हणायचा: कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं मागं तुंबलेलं पाणी म्हणजे फुगवटा, आणि कोयना-वारणेच्या धरणांतून सोडलेला विसर्ग. दुसरा म्हणायचा: हवामान बदल, पाऊसच तेवढा झाला. पहिल्याला दुसऱ्यानं 'अडाणी', 'व्हॉट्सॲपवाले' म्हटलं. दुसऱ्याला पहिल्यानं 'पाटबंधारेचे वकील' म्हटलं.

हा दुसरा शिक्का बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून थोडं सांगते. ज्याचं घर दोनदा पाण्यात गेलंय, त्याला 'हवामान बदल' हे शब्द जबाबदारी झटकण्यासारखे ऐकू येतात. सगळा दोष आभाळाचा ठरला, तर दरवाजे कधी उघडले, किती क्युसेक सोडलं, आधी धरण का रिकामं केलं नाही, हे कुणाला विचारायचं? असा माणूस हवामान बदल नाकारतो तेव्हा तो भौतिकशास्त्र नाकारत नसतो, त्याला जाब विचारायचा असतो.

2021 च्या पुरानंतर नदीकाठच्या एका गावात समाजमंदिरात बैठक होती. गावातल्या एका तात्यांनी घराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं तीन रेघा मारून ठेवल्यात: 2005, 2019, 2021. ते उठून म्हणाले, "पूर आमच्या आज्यानंबी बघितलाय. हे हवामान आत्ता निघालं. दरवाजं कवा उघडलं, ते सांगा आदी." पुण्यात शिकणारा एक मुलगा म्हणाला, "तात्या, तुमच्यासारख्या विज्ञान न मानणाऱ्या लोकांमुळंच ही वेळ आलीय." तात्या खाली बसले आणि पुन्हा बोलले नाहीत. म्हाताऱ्यांची सगळी ओळ थोड्या वेळानं उठून गेली. मागं राहिले ते आधीपासूनच एकमेकांशी सहमत होते.

तात्यांना काय माहीत होतं? पाणी उंबऱ्यापासून कोनाड्यापर्यंत चढायला 2005 ला किती वेळ लागला आणि 2019 ला किती. कुठल्या ओढ्यातून ते आधी उलटं शिरलं. पुढच्या पुराआधी गाव कधी हलवायचं हे ठरवायला याच्याइतकी उपयोगाची माहिती दुसरी नाही, आणि ती कुणीही लिहून घेतली नाही. मला त्या बैठकीचं याच गोष्टीसाठी वाईट वाटतं.

मुलाचं विज्ञान मात्र बरोबर होतं. हवा एक अंश सेल्सियसनं तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 पासून मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी खाली आमच्याकडेच येतं. 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनंही अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं ही मुख्य कारणं दाखवली, आलमट्टीला दोष दिला नाही. इथल्या अनेक कार्यकर्त्यांना ते आजही पटलेलं नाही. पण पाऊस वाढतोय हे खरं असेल, तर धरणात पावसाळ्याच्या मध्याला किती पाणी ठेवायचं हा तात्यांचा प्रश्न आणखीच महत्त्वाचा होतो.

शिक्का मारण्यात शिकलेली माणसं मागं नसतात. 2009 मध्ये भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयासाठी हिमनद्यांवर टिपण लिहिलं. हिमालयातल्या हिमनद्या भराभर संपत चालल्याचा पुरावा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला 'वूडू सायन्स' म्हटलं, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीला स्वतःच्या 2007 च्या अहवालातलं '2035 पर्यंत हिमनद्या नाहीशा होतील' हे विधान चुकीचं असल्याचं मान्य करावं लागलं. हिमनद्या वितळतायत यात शंका नाही, नंतरच्या मोजमापांनी ते पक्कं केलंय. पण त्या एका शब्दानं संशय घेणाऱ्यांना वर्षानुवर्षं पुरेल इतकं खाद्य दिलं.

मग कठोर शब्द वापरायचेच नाहीत का? वापरायचे, पण कुणासाठी ते पाहून. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीचे जे अंदाज बांधले, ते पुढे बऱ्यापैकी अचूक निघाले, आणि तरीही कंपनी जाहीरपणे शंका पसरवत राहिली. माहीत असून, पैशासाठी, लोकांना फसवणं. त्याला सौम्य शब्द शोधायची मला गरज वाटत नाही. तुमच्या मामांना आणि त्या कंपनीला एकाच नावानं हाक मारली, तर कंपनीचा गुन्हाच हलका होतो.

'विकासविरोधी' हा शिक्काही तसाच. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटावरचा 2011 चा अहवाल निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या असं सांगत होता, तरी त्याच्यावर 'विकासविरोधी', 'शेतकरीविरोधी' हेच शब्द चिकटले. पाटण-महाबळेश्वरकडं बोललात तर 'घर दुरुस्त करू देणार नाहीत' एवढंच त्याच्याबद्दल ऐकायला मिळतं. 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. अहवाल मानला असता तर त्या टळल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. पण डोंगर कुठं कापायचा आणि कुठं नाही, याची चर्चा आधी दहा वर्षं व्हायला हवी होती, ती त्या दोन शब्दांनी होऊ दिली नाही.

तुम्ही मामांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथं सगळे बघतायत, कुणीच माघार घेणार नाही. फोन करा. 'पूर पूर्वी येत नव्हता का?' असं म्हणाले तर येत होता म्हणा आणि आकडे सांगा. त्यांचा राग धरणवाल्यांवर असेल, सरकारवर असेल, कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या आणि आता आपल्याला शिकवणाऱ्या देशांवर असेल, तर त्यात जेवढं खरं आहे तेवढ्याला आधी हो म्हणा. आणि पुन्हा 'विकासविरोधी' म्हणाले, तर विचारा: नक्की कुठलं काम? कुठला रस्ता, कुठला नदीकाठचा भराव? एका भरावाचं नाव निघालं तरी पुरे, त्यावर तुम्हाला दोघांना बोलता येईल.