ट्रेलर जोडून लाइट लावले की फ्यूज उडतो: कन्व्हर्टर बदलावा का?

तुमची मिनीव्हॅन, मागे छोटा ट्रेलर. इंडिकेटर आणि ब्रेक लाइट चालतात, पण हेडलाइट लावले की फ्यूज उडतो, आणि मेकॅनिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या दिव्यांचे सिग्नल ट्रेलरच्या वायरांना जुळवून देणारी डबी, बदला म्हणतोय. इतक्यात बदलू नका.

अमेरिकेतल्या चार पिनांच्या चपट्या कनेक्टरमध्ये पांढरी वायर अर्थची, तपकिरी टेल-लाइटची, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकची आणि हिरवी उजव्याची. तुमच्या लक्षणांवरून संशय सरळ तपकिरीवर जातो. तिला फाटेही सगळ्यात जास्त: दोन्ही टेल-लाइट, साइड मार्कर, नंबर प्लेटचा दिवा.

आधी ट्रेलर सोडवा, तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घाला आणि लाइट लावा. फ्यूज टिकला तर दोष ट्रेलरकडे. उडाला तर व्हॅनकडची वायर बघा, विशेषतः मागच्या दारातून बाहेर काढलेली असेल तर. दार रोज तिच्यावर आपटतं आणि रबराखाली ती चेपून सोलली जाते. दहाच्या जागी वीसचा फ्यूज मात्र कृपा करून घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते, तीही गाडीच्या आत.

ट्रेलरमध्ये शॉर्ट शोधताना फ्यूजमागून फ्यूज जाळत बसू नका. ट्रेलर व्हॅनपासून सुटाच ठेवा आणि त्याचे सगळे बल्ब काढा. एका १२ व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह पांढऱ्या वायरला जोडा. पॉझिटिव्ह मात्र ब्रेक लाइटच्या एखाद्या जुन्या बल्बमधून तपकिरीला द्या. शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटेल, आणि करंट दोनेक अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे काही जळायची भीती नाही. आता एका टोकापासून वायर हलवत, ओढत चला आणि फाटे एकेक करून सोडवा. ज्या जागी बल्ब विझेल किंवा फडफडेल, शॉर्ट तिथेच.

बल्ब काढा म्हणतो त्याला कारण आहे. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की चार-पाच बल्ब जोडलेले असताना ठणठणीत वायरिंगवरही मल्टिमीटर बीप करतो. त्या बीपवर विसंबून लोक चांगली वायर उपटतात. एलईडी दिवे असतील तर काढायची गरज नाही. तेवढ्याने तुमचा बल्ब फार तर मिणमिणेल.

पहिली नजर टाका ती वायर जिथे लोखंडी चॅनेलच्या भोकातून आत शिरते तिथे. भोकाच्या कडेला बसवलेली रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, निघून गेलेली असते आणि पत्र्याची धार इन्सुलेशन कापत राहते. मग वायर दाबून धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा, आणि शेवटी सॉकेटमधला हिरवा गंज.

सापडलं की खराब तुकडा कापून नवा जोडा, वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा, भोकात ग्रोमेट बसवा. टोचून बसणारे झटपट कनेक्टर टाळा. हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाचं पाणी त्यात शिरतं आणि तांबं सडतं. टेस्ट लॅम्पचं (एका बाजूला क्लिप, दुसरीकडे अणकुचीदार टोक असलेला तपासणीचा दिवा) टोकही इन्सुलेशनमध्ये खुपसू नका, त्याच कारणासाठी.

कन्व्हर्टरची पाळी आता. ट्रेलर न जोडता लाइट लावा, टेस्ट लॅम्पची क्लिप व्हॅनच्या कनेक्टरमधल्या पांढऱ्याला आणि टोक तपकिरीला. दिवा नीट पेटला तर कन्व्हर्टर शाबूत आहे. फ्यूज चांगला असूनही नाही पेटला आणि कन्व्हर्टरकडे येणारी वायर जिवंत असेल, तरच नवा घ्या.