रुळांच्या कडेचं गाव: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एचओ स्केलच्या (खऱ्याच्या १/८७ मापाच्या) मॉडेल रेल्वेचा लेआउट करतोय. दुहेरी रुळांच्या पलीकडे छोटं गाव बसवलंय, इमारतींची सगळी किटं नीट जोडून रंगवलीयेत, तरी लांबून बघितलं की शोकेसमध्ये मांडलेली खेळणी वाटतात. नक्की काय कमी पडतंय?

तुमच्या सोबतच्या फोटोत दोन गोष्टी लगेच दिसतात. सगळ्या इमारती बोर्डाच्या कडेला समांतर आहेत आणि सगळ्यांचे दर्शनी भाग रुळांकडे तोंड करून उभे आहेत. खरं गाव असं नसतं. गाडीच्या खिडकीत बसून गावातून जाताना आपल्याला काय दिसतं ते आठवा: मागच्या भिंती, न्हाणीघराच्या खिडक्या, पाण्याचे पाइप, मोडकं शेड, वाळत घातलेले कपडे. दुकानाच्या पाट्या रस्त्याकडे असतात, रुळांकडे गावाची पाठ असते. आणि तुमचा बघणारा तर रुळांच्या अलीकडेच उभा राहणार ना, मग त्याला पाठच दिसायला हवी!

त्यामुळे आहेत त्यातली निम्मी घरं सरळ फिरवून टाका. अडचण एवढीच की किटवाले सगळी मेहनत पुढच्या बाजूवर करतात आणि मागची भिंत सपाट सोडून देतात, म्हणजे तिथलं काम आपल्यालाच करावं लागतं, पण माझ्या मते सगळ्यात मजा याच कामात आहे. एचओ म्हणजे १:८७, त्यामुळे १० सेंमी जाडीचा पाइप साधारण १ मिमी तारेचा होतो, ती तार भिंतीवर चिकटवायची, वर छपराच्या पन्हाळीत वळवायची, आणि पाइपाच्या तोंडाखाली भिंतीवर पातळ हिरवट-काळ्या रंगाचा एक ओघळ ओढायचा. कपड्यांसाठी टिश्यू पेपरचे बारके तुकडे पाणी घातलेल्या फेव्हिकॉलात बुडवून दोऱ्यावर टाका, ओले असतानाच सुईने चुण्या पाडा. एवढ्या एका भिंतीने जे होतं ते चार नवी किटं आणून होत नाही.

आता रस्ते. स्टेशन आलं की आधी मालधक्का आणि स्टेशनकडे जाणारा रस्ता होतो, मग त्या रस्त्यावर दुकानं लागतात आणि घरं त्यांच्या मागे वाढत जातात, त्याच क्रमाने गाव आखा म्हणजे कुठली इमारत कुठे हे आपोआप सुचतं. मुख्य रस्ता बोर्डाच्या कडेशी १०-१५ अंश तिरका ठेवा. दोन पदरी रस्ता साधारण ७ मीटरचा म्हणजे एचओत ८ सेंमी, पण ६ सेंमी केलात तरी डोळ्याला खटकत नाही. रंग मात्र काळा नको, डांबर जुनं झालं की राखाडी पडतं. हे सगळं पक्कं करायच्या आधी पुठ्ठ्याचे खोके इमारतींच्या मापाने कापून चारआठ दिवस नुसते इकडेतिकडे सरकवत राहा.

एक राहिलंच, तुमच्या भिंतींच्या खालून उजेडाची फट दिसतेय. घर जमिनीवर नुसतं ठेवू नका, फोमशीटमध्ये ३-४ मिमीचा खड्डा कोरून पाया आत बसवा, कडेने बारीक माती भुरभुरवा, आणि भिंतीचा खालचा ५-६ मिमी भाग मातकट करा, पावसाचे शिंतोडे खऱ्या भिंतीवर साधारण अर्धा मीटर उडतात त्याचंच हे माप आहे.

प्रश्न: माझा एन स्केल (१:१६०) आहे, रूळ आणि मागची भिंत यात जेमतेम १२ सेंमी जागा उरलीय. एवढ्यात शहर कसं दाखवायचं?

१२ सेंमी पुरतात हो. पूर्ण इमारती करूच नका, फक्त दर्शनी भिंत आणि मागे २-३ सेंमी खोली एवढंच ठेवा. पुढच्या रांगेत बुटकी घरं, मागे उंच. अगदी मागच्या रांगेला झेड स्केलची म्हणजे १:२२० ची घरं लावली तर ती १:१६० च्या मागे दूर गेल्यासारखी वाटतात, फक्त दोन्ही स्केलचे दरवाजे शेजारी शेजारी दिसू देऊ नका. मागचे रंग फिके आणि किंचित निळसर करा.

खरी फजिती होते रस्त्याची. सरळ भिंतीत घुसणारा रस्ता रंगवला तर तो एकाच जागेवरून बरोबर दिसतो, बघणारा जरा बाजूला सरकला की मोडलेला वाटतो. त्यापेक्षा रस्ता एखाद्या इमारतीमागे वळवा किंवा पुलाखालून न्या, पुढे काय आहे ते बघणारा मनानेच पुरं करतो. अमेरिकेतले मॉडेल रेल्वेवाले जॉन ॲलन यांनी आपल्या प्रसिद्ध लेआउटवर जागा मोठी भासावी म्हणून आरसेसुद्धा वापरले होते. आरसा लावलात तर त्याच्या कडा झाडाने नाहीतर कमानीने झाका, आणि त्यात बघणाऱ्याचा चेहरा दिसत नाही ना ते तपासा.

प्रश्न: घरांत एलईडी लावले तर भिंतीच चमकायला लागल्या, छपराच्या फटीतूनही उजेड येतो.

प्लास्टिक पातळ असतं, उजेड आरपार येणारच. भिंती आतून आधी काळ्या आणि त्यावर पांढऱ्या रंगवा, कोपऱ्यांत काळी पट्टी लावा. १२ व्होल्टवर एका पांढऱ्या एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर चालतो पण घरासाठी तो उजेड फार होतो, ४.७ किंवा १० किलोओहम लावून बघा. पिवळसर एलईडीच घ्या. आणि सगळ्या खिडक्या उजळू नका, आत पुठ्ठ्याच्या खोल्या करून तीनचारच पेटत्या ठेवा. हॅम्बुर्गच्या मिनियाटुर वुंडरलँड या मॉडेल रेल्वेच्या मोठ्या प्रदर्शनात साधारण दर पंधरा मिनिटांनी रात्र होते, तिथले व्हिडिओ बघताना कुठल्या खिडक्या अंधारात ठेवल्यात तिकडे लक्ष द्या, खूप शिकायला मिळतं.

प्रश्न: माणसं किती ठेवायची?

थोडी, आणि घोळक्याने. धावणारी, हात उंचावलेली माणसं टाळा, गाडी पुढे जाते आणि ती तशीच हवेत पाय धरून राहतात. उभी, बसलेली, टेकलेली घ्या. एचओत माणूस जेमतेम २ सेंमीचा, त्यामुळे चेहऱ्यात वेळ घालवू नका, कपडे मॅट आणि जरा मळके करा, चकाकी राहिली की प्लास्टिक कळतं.

प्रश्न: इमारती कायमच्या चिकटवायच्या आधी काय तपासू?

तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात लांब इंजिन घ्या. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला येतात, म्हणून डब्याला मधे आणि टोकाला पेन्सिल बांधून हाताने फिरवा, ज्या रेषा उमटतील त्यांच्या बाहेर निदान ५ मिमी मोकळे सोडा. सिग्नल, प्लॅटफॉर्मची कड, विजेचे खांब, सगळ्याला हेच. मग मोबाइल रस्त्याच्या पातळीवर ठेवून फोटो काढा, उभ्याने न दिसलेल्या फटी त्यात दिसतात. आणि गावामागचा रूळ हात घालून पुसता येतोय ना बघा, येत नसेल तर ती इमारत चिकटवू नका, नुसती खड्ड्यात बसती ठेवा.