डबल बाँडवर जास्त ग्रुप असले की ओलेफिन मेटाथेसिस का अडतं?

ओलेफिन मेटाथेसिस म्हणजे अल्कीननी (डबल बाँडवाल्या रेणूंनी) डबल बाँडवरचे तुकडे आपसात बदलणं. तुम्ही विचारलंत की तुमचं टेट्रासब्स्टिट्यूटेड अल्कीन (डबल बाँडवर चार ग्रुप असलेलं) ग्रब्स सेकंड जनरेशन या रुथेनियमच्या कॅटॅलिस्टलाही दाद का देत नाहीये, तर त्याचं कारण बहुतेक स्टेरिकच, म्हणजे जागेची अडचण. बघा, अल्कीनला आधी रुथेनियमला चिकटावं लागतं आणि मग चार अणूंची रिंग बनते (ही मेकॅनिझम शोव्हँची, 2005 चं नोबेल), आता ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर बारीक माणूस कसाबसा टेकतो पण दोन बॅगा घेतलेला काका आला तर तिघंही हलत नाहीत, तसंच इथे, त्यात कॅटॅलिस्टवरचा मेसिटिलवाला एनएचसी लिगँड (रुथेनियमला जोडलेला, जाड मेसिटिल रिंगांचा ग्रुप) आधीच पाय पसरून बसलेला. म्हणून टर्मिनल अल्कीन (डबल बाँड साखळीच्या टोकाला) सगळ्यात फास्ट, मग डायसब्स्टिट्यूटेड, ट्राय जमतं पण स्लो, टेट्रा म्हणजे डोकेदुखी.

नुसतं टेंपरेचर वाढवू नका, कॅटॅलिस्ट मरतो. मेसिटिलऐवजी ऑर्थो-टोलिलवाला (कमी जाड रिंगांचा) होव्हेडा-ग्रब्स टाइप कॅटॅलिस्ट घ्या, त्यात जागा मोकळी असते. रिंग क्लोजिंग (एकाच रेणूतले दोन डबल बाँड जोडून रिंग बनवणं) असेल तर चान्स बरा, त्यात सुटणारा इथिलीन गॅस मात्र बाहेर जाऊ द्या.

आणि अडचण नेहमी वाईटच असते असं नाही हं, क्रॉस मेटाथेसिसमध्ये (दोन वेगळी अल्कीन जोडताना) एक पार्टनर जाडा असला की तो स्वतःशी डायमर करत बसत नाही, त्यामुळे हवं ते प्रॉडक्ट जास्त मिळतं.