ऑक्सिजन चालत नाही, मग गाठीतले जिवाणू श्वास कसा घेतात?

तुमचा प्रश्न: नत्र पकडणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, मग सोयाबीनच्या गाठीतले जिवाणू श्वास घेतात का? घेतात, आणि चांगला दाबून घेतात. नत्राचा एक रेणू फोडायला निदान १६ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्ची पडतात, ते श्वासाशिवाय येणार कुठून?

मी इंदूरची, दिरांचं सांवेरकडे सोयाबीन असतं. फुलोऱ्याच्या सुमारास एखादं रोप खुरप्याने खालून खणून काढते (नुसतं ओढलं की गाठी काळ्या मातीतच राहतात) आणि एक गाठ नखाने फोडते. नख लालसर होतं. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदातला. त्यातलं ग्लोबिन बनवतं झाड, जिवाणू नव्हे. हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि थोडाथोडा पोचवतं. त्यामुळे गाठीत मोकळा ऑक्सिजन हवेशीर पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी कमी उरतो.

खरी गंमत पुढे आहे. इतक्या विरळ ऑक्सिजनवर जिवाणूचं नेहमीचं सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे श्वासात ऑक्सिजन वापरणारं विकर, उपाशी मरेल. म्हणून ब्रॅडिरायझोबियम, म्हणजे सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू, गाठीत शिरल्यावर दुसरंच काढतो, सीबीबी-३ नावाचं. साधारण ७ नॅनोमोलर इतक्या अत्यंत विरळ ऑक्सिजनवरही ते निम्म्या वेगाने चालतं. त्याची जनुकं मोडली तर गाठी धरतात, पण नत्र जवळजवळ बंद. आणि ते कधी काढायचं हे कळतं कसं? जिवाणूच्या फिक्स-एल या प्रथिनात हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त भाग, असतं. त्यावरचा ऑक्सिजन सुटला की ते निरोप पुढे धाडतं.

अ‍ॅझोटोबॅक्टरला, म्हणजे नत्र पकडणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूला, मात्र यात ओढू नका. पुस्तकं दोघांना एकाच दमात उरकतात, मला ते खटकतं. तो मातीत मोकळा राहणारा, त्याला गाठीचा आडोसा नाही. तो सायटोक्रोम बीडी नावाचं वेगळंच ऑक्सिडेज वापरून आत येणारा ऑक्सिजन भराभर जाळून टाकतो. त्या श्वासातून एटीपी कमी मिळतं, साखर मात्र भरमसाट जाते. उधळ्याच तो!

शेतीसाठी विचारत असाल तर: पाणी साचलं की गाठींपर्यंत हवा पोचत नाही, श्वास अडतो, नत्र थांबतं. पानं पिवळी दिसली की आमच्याकडे लगेच युरियाची गोणी निघते. आधी चर काढून पाणी वाहतं करा. वाफसा आला की दोन-चार झाडांच्या गाठी फोडून बघा. आत हिरवट-करडं निघालं तर त्या गाठींचं काम संपलंय.