गाडीचा तोच बिघाड परत परत येतोय, कंपनीकडून काय मागायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, मागच्या वर्षी आम्ही ११ लाखांची टर्बो पेट्रोल गाडी घेतली, अजून वॉरंटीत आहे. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ लागला की इंजिनची पिवळी लाइट लागते आणि गाडीचा दमच जातो, कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबा उचलत नाही, मागून ट्रकवाले हॉर्न मारत असतात. बंद करून चालू केली की परत बरी. वर्कशॉपवाले दर वेळी लॅपटॉप लावतात आणि "एरर क्लिअर केलाय साहेब" म्हणून गाडी देतात. आता म्हणे पेट्रोलच खराब असेल. नवीन गाडी मागता येईल का? आणि तोपर्यंत हप्ते थांबवले तर? (एक वाचक, कराड)

उत्तर: दादा, आधी एक सांगते, हा प्रॉब्लेम सुटेपर्यंत त्या गाडीने घाटात ओव्हरटेक करू नका, दम गेला की लगेच हॅझर्ड लावून डावीकडे घ्या. बाकी सगळं नंतर.

आता ते "एरर क्लिअर" प्रकरण. लाइट लागते तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोड साठतो, आणि त्यासोबत बहुतेक वेळा त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनवरचा लोड हेही साठतं. टर्बोचं प्रेशर कमी पडलं तर पी०२९९ असा कोड येतो, आणि त्यामागे इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) पाइप लीक असू शकतो, वेस्टगेट (टर्बोचं प्रेशर आवरणारी झडप) अडकत असेल किंवा सेन्सर गेलेला असेल. कोड पुसला की ही माहितीही जाते आणि बिघाड आहे तिथेच राहतो, म्हणून पुढच्या वेळी लाइट लागली की फोटो काढा आणि वर्कशॉपमध्ये स्पष्ट सांगा की आधी स्कॅन रिपोर्टची प्रिंट द्या, मगच कोड पुसा. पेट्रोल खराब आहे म्हणतात ना, मग सॅम्पल घेऊन तसं लेखी द्या म्हणावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॉब कार्ड, म्हणजे गाडी देताना वर्कशॉपवाले तुमची तक्रार लिहून घेतात तो कागद, खरी लढाई तिथेच असते आणि लोक नेमकं तेच न वाचता सही करतात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर "जनरल चेकअप" लिहून मोकळा होतो, मग पुढे कागदावर तुमची तक्रारच कुठे दिसत नाही! "चढावर पॉवर जाते, इंजिन लाइट लागते, आधीही याच तक्रारीसाठी गाडी आणली होती" हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटर टाका, कॉपी घ्या. गाडी परत घेताना समाधानी असल्याच्या कागदावर सही मागतात, तिथे "घाटात चालवून बघायची बाकी आहे" असं लिहून मग सही करा. नंतर रेटिंगचा फोन येतो आणि डीलरचा मुलगा आधीच विनवतो की दहापैकी दहा द्या, त्याची दया येते मलाही, पण खरं तेच सांगा.

मग थेट कंपनीला ईमेल करा. चेसिस नंबर, सगळी जॉब कार्डं, फोटो, आणि मागणी एकच ठेवा, कंपनीच्या टेक्निकल माणसाने तुमच्यासोबत स्कॅनर लावून घाट चढून बघावं. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात.

नवीन गाडीचं म्हणाल तर मागता येते पण मिळणं अवघड आहे. मारुतीच्या एका केसमध्ये क्लचची तक्रार होती, २००६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वॉरंटी खराब पार्ट बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. म्हणून आधी मूळ कारण शोधून कायमची दुरुस्ती, वाढीव वॉरंटी आणि झालेला खर्च मागा, आणि तरीही प्रॉब्लेम सुटत नाही हे कागदांवर दिसलं तरच बदली किंवा पैसे परत मागण्यात दम येतो.

तेवढ्यानेही नाही झालं तर सातारा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्ह्यातच चालते, तुमच्या गाडीच्या किमतीला फी ४०० रुपये, वकील लावायलाच पाहिजे असं नाही. डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या मॉडेलची गाडी विकली होती, त्यात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीला सोडलं, कारण त्यात कंपनीचा हात असल्याचा पुरावाच नव्हता. आयोगाला तज्ज्ञाकडून तपासणीही करून घेता येते, तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. मुदत दोन वर्षांची असते आणि नुसते ईमेल चालू आहेत म्हणून ती वाढत नाही, तेव्हा "बघतो, करतो" ऐकत वेळ घालवू नका.

हप्ते मात्र अजिबात थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, बिघाडाशी बँकेचा संबंध नाही, सिबिल तुमचंच खराब होईल आणि गाडी उचलून नेली तर तपासायला पुरावाच हातात राहणार नाही.